सामायिक शब्दकोशाची मेन ब्रँच मोडते तेव्हा आधी काय करावे?

धागाकर्ता, दादर

आम्ही आठ-नऊ जण मिळून मराठी शुद्धलेखन तपासणीसाठी हनस्पेलवर चालणारा एक खुला शब्दकोश काही वर्षांपासून सांभाळत आहोत. लिबरऑफिस आणि फायरफॉक्स या दोन्हींत शब्द तपासण्याचे काम हनस्पेलच करते, त्यामुळे आमचा सगळा प्रकल्प खरे तर दोन फायलींचा आहे. एकीत शब्द असतात आणि दुसरीत त्या शब्दांना लागणाऱ्या प्रत्ययांचे नियम असतात. फायली दोनच असल्या, तरी त्यांत हात घालणारे अनेक आहेत. म्हणून त्या आम्ही बदलांचा इतिहास सांभाळणाऱ्या गिट या साधनात ठेवतो: नोंदवलेला प्रत्येक बदल म्हणजे कमिट, कामाचा वेगळा प्रवाह म्हणजे ब्रँच, सगळ्यांचा सामायिक प्रवाह म्हणजे मेन ब्रँच आणि एकातले बदल दुसऱ्यात मिसळणे म्हणजे मर्ज.

गेल्या महिन्यात जे घडले ते सविस्तर सांगतो. 'लाडवाला', 'विंचवाने' ही रूपे चुकीची दाखवली जात होती, म्हणून आमच्या एका सदस्याने ऊकारान्त नामांच्या नियमातली एक ओळ बदलली. ओळ एकच होती; पण तो नियम ज्या शब्दांना जोडलेला होता त्या सगळ्यांची रूपे तिच्यामुळे बदलली आणि 'खडूने', 'चाकूने' या शब्दांखाली लाल रेघ येऊन 'खडवाने', 'चाकवाने' हे शब्द बिनचूक ठरू लागले. बदल शुक्रवारी रात्री मर्ज झाला, शनिवारी सकाळी पहिली तक्रार आली आणि त्यानंतर चार दिवस आमच्या गटात ऊकारान्त नामांच्या सामान्यरूपावर उत्तम चर्चा झाली. कोणी जुने व्याकरण काढले, कोणी शुद्धलेखनाचे १९६२ आणि १९७२ चे मिळून अठरा नियम मांडले. त्या चार दिवसांत मेन ब्रँच मात्र मोडलेल्याच अवस्थेत राहिली, तीन जणांनी तिच्यावरूनच आपापल्या नव्या ब्रँच काढल्या आणि ठरलेली आवृत्ती पुढे ढकलावी लागली.

माझा विचार असा आहे की मेनच्या अलीकडे 'विकास' नावाची एक वेगळी ब्रँच ठेवावी, सगळे बदल आधी तिच्यात जावेत आणि महिन्यातून एकदा तपासून ते मेनमध्ये आणावेत. इतर प्रकल्पांत काम करणाऱ्यांचा अनुभव काय आहे?

प्रतिसाद १ : चाचणीचे काम पाहणारी, ठाणे

मी याच प्रकल्पात आहे, त्यामुळे त्या चार दिवसांची साक्षीदारही आहे. दुसरी ब्रँच काढून प्रश्न सुटणार नाही, तो एक घर मागे सरकेल, असे माझे मत आहे. 'विकास' मोडली असती तरी आपण चार दिवस चर्चाच केली असती आणि बाकीच्यांनी आपले काम तिच्यावरच उभारले असते, कारण रोजचे काम जिथे चालते तीच खरी मेन असते, तिचे नाव काहीही असो.

आपली चूक मर्ज करण्यात झाली नाही, ती शनिवारी सकाळी झाली. पहिली तक्रार खरी आहे हे दहा मिनिटांत पडताळून झाले होते. त्याच वेळी तो बदल रिव्हर्ट करायला, म्हणजे मागे घ्यायला, हवा होता आणि चर्चा नंतर हवी तितकी लांबवता आली असती. रिव्हर्टने काहीही पुसले जात नाही. मूळ कमिट इतिहासात राहते आणि तिच्या उलट परिणाम करणारी नवी कमिट वर येते. तरीही आपल्याकडे रिव्हर्ट म्हणजे त्या माणसाला सगळ्यांसमोर खाली बसवणे, अशी भावना आहे आणि म्हणून कोणीही ते बटण दाबायला पुढे होत नाही. मीही झाले नाही, हे कबूल करते.

आणखी एक नुकसान कोणाच्या लक्षात आलेले दिसत नाही. जुना दोष नेमका कोणत्या कमिटने आला हे शोधण्यासाठी आपण गिट बायसेक्ट वापरतो. तो दर वेळी उरलेल्या कमिट निम्म्या करत जातो, त्यामुळे एक हजार कमिटांतून दोषी कमिट सुमारे दहा पायऱ्यांत सापडते. मात्र त्यासाठी वाटेतली प्रत्येक कमिट चालती असावी लागते. मागच्या आठवड्यात मी एक वेगळाच दोष शोधत होते, तेव्हा त्या चार दिवसांतल्या कमिटांवर चाचणी भलत्याच कारणाने कोसळत होती आणि त्या एकेक करून वगळाव्या लागल्या. मोडलेले चार दिवस इतिहासात कायमचे राहतात.

प्रतिसाद २ : नियम-फायल पाहणारा, डोंबिवली

ती ओळ माझी होती. इथे लिहू की नको असा विचार दोन दिवस केला.

शनिवारी कोणी रिव्हर्ट केले असते तर मला राग आला असता, हे खरे आहे. पण चार दिवस माझ्या नावाची कमिट सगळ्यांच्या तोंडी राहिली, त्यापेक्षा तो राग परवडला असता. त्यामुळे 'आधी मागे घ्या, मग बोला' या सूचनेला माझा पाठिंबा आहे. अट एकच, की हा नियम लेखी असावा आणि तो सगळ्यांना, अगदी धागाकर्त्यांनाही, सारखाच लागू व्हावा. नियम लेखी असला की रिव्हर्ट करणारा माणूस निर्णय देत नाही, तो फक्त नियम पाळतो.

एक तांत्रिक इशारा देऊन ठेवतो. मर्ज कमिट रिव्हर्ट केल्यावर तीच ब्रँच दुरुस्त करून पुन्हा मर्ज केली, तर गिटला त्या ब्रँचमधल्या जुन्या कमिट आधीच आलेल्या दिसतात आणि तो फक्त नंतरच्या कमिट आत घेतो. मूळ बदल परत येतच नाही आणि अर्धवट दुरुस्ती तेवढी येते. अशा वेळी आधी त्या रिव्हर्टचे रिव्हर्ट करावे लागते किंवा बदल नव्या कमिट म्हणून पुन्हा लिहावे लागतात. मला हे माहीत होते आणि म्हणूनही मी रिव्हर्टला तयार नव्हतो. यावर साधा उपाय असा की नियम-फायलीतला बदल नेहमी एकाच सुट्या कमिटचा असावा, म्हणजे मागे घेणेही सोपे आणि परत आणणेही.

प्रतिसाद ३ : पूर्वी कर्नलमध्ये थोडे काम केलेला, पवई

लिनक्स कर्नलचे, म्हणजे लिनक्स या संचालन प्रणालीच्या गाभ्याचे, उदाहरण अशा चर्चेत नेहमी दिले जाते आणि बहुधा अर्धेच दिले जाते. तिथे नवी आवृत्ती साधारण नऊ-दहा आठवड्यांनी येते. त्यांपैकी पहिले दोन आठवडे मर्ज विंडो उघडी असते आणि नवे बदल तेवढ्याच काळात आत जातात. पुढचा सगळा काळ फक्त दुरुस्त्यांचा असतो आणि दर रविवारी चाचणीसाठी एक उमेदवार आवृत्ती निघते. म्हणजे वेळापत्रकाचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग स्थिर करण्यासाठी राखलेला आहे. आपल्याकडे नेमके उलटे असते.

कर्नलच्या स्टेबल शाखांचे, म्हणजे प्रकाशित आवृत्त्यांत फक्त दुरुस्त्या घेणाऱ्या ब्रँचचे, नियमही वाचण्यासारखे आहेत. दुरुस्ती आधी मुख्य शाखेत आलेली असली पाहिजे, ती उघडपणे बरोबर आणि तपासलेली असली पाहिजे आणि आजूबाजूच्या ओळी धरून ती शंभर ओळींपेक्षा मोठी नसावी. यातला पहिला नियम मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण दुरुस्ती थेट जुन्या आवृत्तीत केली आणि मुख्य शाखेत करायची राहून गेली, तर पुढच्या आवृत्तीत तोच दोष पुन्हा उगवतो. चेरी-पिक करताना, म्हणजे एका ब्रँचमधली कमिट उचलून दुसरीत आणताना, एक्सचा (-x) पर्याय द्यावा, म्हणजे मूळ कमिटचा क्रमांक संदेशात आपोआप नोंदला जातो.

तुमच्या प्रकल्पाला हे सगळे लागू करू नका. नऊ माणसांच्या प्रकल्पाला स्टेबल शाखा सांभाळायला वेगळा माणूस मिळत नाही आणि मिळाला तरी तो सहा महिन्यांत कंटाळतो. मर्ज विंडोची कल्पना तेवढी घ्या. आमच्या एका गटात आवृत्तीच्या शनिवार-रविवारला आम्ही 'मेगाब्लॉक' म्हणत होतो, कारण रेल्वे जशी कोणता मार्ग किती ते किती बंद राहील हे आधी जाहीर करते, तसेच आम्हीही करत होतो. आयत्या वेळी 'आता काही मर्ज करू नका' असा निरोप पाठवण्याचा काही उपयोग होत नाही. तो ज्याने वाचायला हवा तो त्या वेळी लोकलमध्ये लोंबकळत असतो.

धागाकर्ता, दादर

दुसऱ्या ब्रँचचा माझा आग्रह मी सोडतो. पण मग प्रश्न असा उरतो की मर्ज करण्याआधी नेमके काय तपासायचे? डोंबिवलीकरांच्या बदलाला दोघांनी मान्यता दिली होती आणि त्यांपैकी एक मी होतो. ओळ वाचून ती बरोबरच वाटत होती.

प्रतिसाद ४ : चाचणीचे काम पाहणारी, ठाणे

ओळ बरोबरच होती, म्हणूनच वाचून काही कळले नाही. प्रत्ययाच्या नियमातला बदल ओळ वाचून तपासता येत नाही, त्याचा परिणाम मोजावा लागतो. मी गेले दोन आठवडे एक छोटी स्क्रिप्ट वापरून पाहत आहे. तिच्याकडे सुमारे चार हजार रूपांची एक यादी आहे आणि प्रत्येक रूपापुढे ते स्वीकारले जावे की नाकारले जावे हे लिहिलेले आहे. 'विंचवाने' स्वीकारा, 'विंचूने' यावर वाद आहे म्हणून यादीत नको, 'खडूने' स्वीकारा, 'खडवाने' नाकारा, असे. नाकारायची रूपे लिहिणे जास्त महत्त्वाचे आहे, कारण स्वीकारायच्या रूपांची तक्रार वापरणारे स्वतःच करतात. चुकीचा शब्द निमूटपणे चालून गेला तर कोणालाच कळत नाही.

याशिवाय प्रत्येक पुल रिक्वेस्टवर, म्हणजे बदल मर्ज करण्याच्या विनंतीवर, जुन्या आणि नव्या नियमांनी बनणाऱ्या सगळ्या रूपांची तुलना होते आणि किती रूपे नव्याने आली, किती गेली, हे आकडे खाली छापले जातात. तुमच्या ओळीवर ही स्क्रिप्ट चालवून पाहिली. दोन शब्दांसाठी केलेल्या बदलाने हजाराहून अधिक रूपे हलली होती. तो आकडा समोर असता तर मान्यता देणाऱ्या दोघांचाही हात थांबला असता.

शब्द-फायलीची गोष्ट वेगळी आहे आणि तिथला त्रास मला जास्त छळतो. हनस्पेलच्या शब्द-फायलीत पहिल्या ओळीवर शब्दांची अंदाजे संख्या लिहिलेली असते. आपण प्रत्येक जण पाच शब्द घालतो आणि तो आकडाही बदलतो, त्यामुळे दोन पुल रिक्वेस्ट एकाच वेळी आल्या की पहिल्या ओळीवर कॉन्फ्लिक्ट, म्हणजे दोन बदलांची टक्कर, ठरलेलाच. त्याला कंटाळून कोणीतरी मध्यंतरी या फायलीला युनियन मर्ज लावले, म्हणजे दोन्ही बाजूंच्या ओळी ठेवून द्यायच्या. शब्दांपुरते ते ठीक चालले; पण पहिल्या ओळीचे दोन्ही आकडे राहिले आणि त्यांतला दुसरा आकडा मराठी शब्द म्हणून कोशात जाऊन बसला. असे चार आकडे मी स्वतः काढले आहेत.

माझी सूचना अशी की रेपॉझिटरीत, म्हणजे प्रकल्पाच्या सामायिक साठ्यात, फक्त शब्दांची साधी यादी ठेवावी, एका ओळीवर एक शब्द, आणि आकड्यासह पूर्ण फायल आवृत्ती बनवताना यंत्राने तयार करावी. जे यंत्राला मोजता येते ते माणसाने लिहून रेपॉझिटरीत ठेवू नये. यादीचा क्रम युनिकोड क्रमांकांप्रमाणे, म्हणजे संगणकात प्रत्येक अक्षराला दिलेल्या क्रमांकांप्रमाणे, असावा. तो कोशातल्या अकारविल्हे क्रमासारखा दिसत नाही हे मला मान्य आहे, पण तो प्रत्येकाच्या संगणकावर एकसारखाच लागतो. कोशक्रम लावायला गेलो तर माझ्या लिनक्सवर अनुस्वार एकीकडे जातो आणि तुमच्या विंडोजवर दुसरीकडे, आणि मग पाच शब्दांच्या बदलात पाच हजार ओळी हललेल्या दिसतात.

शेवटचा मुद्दा 'ऱ' चा आहे. 'दुसऱ्या' हा शब्द आपल्या यादीत दोन प्रकारे टंकलेला सापडतो. एका प्रकारात स्वतंत्र 'ऱ' आहे, ज्याचा युनिकोड क्रमांक ०९३१ आहे, आणि दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि शून्य रुंदीचा जोडक (न दिसणारे जोडचिन्ह) आहे. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून तपासणारा 'हा शब्द आधीच आहे' हे ओळखू शकत नाही आणि नेहमीच्या युनिकोड सामान्यीकरणानेही हे दोन एक होत नाहीत. यादीत एकच प्रकार ठेवावा आणि वापरणाऱ्याने दुसरा टंकला तर तो आत येतानाच बदलून घ्यावा; त्यासाठी नियम-फायलीत आयकॉन्व्ह नावाची सोय आहे. मेन स्थिर ठेवण्याची चर्चा आपण माणसांच्या शिस्तीवर करतो आहोत, पण निम्मे कॉन्फ्लिक्ट या असल्या न दिसणाऱ्या अक्षरांमुळे होतात.

प्रतिसाद ५ : महाविद्यालयीन विद्यार्थी, माटुंगा

मी सहसा फक्त वाचतो, पण आज राहवले नाही. मी तुमच्या प्रकल्पाला क्रिकेटमधल्या चाळीस शब्दांची एक पुल रिक्वेस्ट पाठवली होती. पाच आठवडे तिच्यावर कोणीही काही लिहिले नाही आणि नंतर 'क्रम चुकला आहे' एवढ्याच शेऱ्यासह ती बंद झाली. चाचण्या, क्रम, एकच कमिट, मेगाब्लॉक असे नियम वाढत गेले तर मेन नक्कीच स्थिर राहील, कारण तिच्यात नवीन काही येणारच नाही.

धागाकर्ता, दादर

ती पुल रिक्वेस्ट मी बंद केली होती आणि तो शेरा अपुरा होता, याबद्दल दिलगीर आहे. कारण सांगतो, सबब म्हणून नव्हे. ऑक्टोबर महिना होता आणि खुल्या प्रकल्पांत योगदान द्यायला लावणाऱ्या हॅक्टोबरफेस्ट या उपक्रमामुळे आमच्याकडे एका आठवड्यात वीसेक पुल रिक्वेस्ट आल्या, त्यांतल्या बऱ्याच केवळ वाचा-फायलीत (प्रकल्पाची ओळख देणाऱ्या रीडमीत) एक विशेषण घालणाऱ्या होत्या. अशा पुरामुळेच त्या उपक्रमाने २०२० साली, जो प्रकल्प स्वतःहून सहभागी होईल त्याच्यापुरतेच योगदान मोजायचे, असा बदल केला होता. आम्ही सहभागी झालो होतो, ही आमची हौस. तुमचे चाळीस शब्द त्या ढिगात अडकले. क्रम लावणे हे यंत्राचे काम आहे हे ठाण्याच्या ताईंचे म्हणणे पटते. तसे असते तर तुमची रिक्वेस्ट बंद करायला मला कारणच उरले नसते.

प्रतिसाद ६ : निवृत्त, पूर्वी संगणक विभागात, बोरिवली

पाच आठवड्यांचा उशीर हा शिस्तीचा दोष नाही, तो माणसे कमी असल्याचा आहे. या प्रकल्पात मर्जचा अधिकार दोघांकडे आहे आणि त्यांतले एक गेले वर्षभर फिरकलेले नाहीत. उरलेला माणूस थकला की तो एक तर काहीच मर्ज करत नाही किंवा न पाहता सगळे मर्ज करतो. दोन्हींनी रेपॉझिटरीचे नुकसानच होते.

थकलेल्या एकट्या माणसाचे पुढे काय होऊ शकते ते २०२४ मध्ये एक्सझेड प्रकरणात दिसले. फायली दाबून लहान करणाऱ्या त्या खुल्या सॉफ्टवेअरचा मूळ सांभाळकर्ता दमलेला होता, मदतीला आलेल्या एका अनोळखी योगदात्याने दोन वर्षांहून अधिक काळ चांगले काम करून विश्वास आणि अधिकार मिळवला आणि मग ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा घातला. अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्यांना एसएसएचने (दूरच्या संगणकाशी सुरक्षित जोडणी करणाऱ्या सोयीने) लॉगिन होताना सुमारे अर्धा सेकंद जास्त का लागतो हे खटकले, म्हणून २९ मार्च २०२४ रोजी ते उघडकीला आले. आपल्यासाठी त्यातला उपयोगाचा तपशील हा की चोरदरवाजा जागा करणारा भाग रेपॉझिटरीत नव्हताच. तो केवळ प्रकाशित केलेल्या गठ्ठ्यात होता. आपलीही लिबरऑफिससाठीची विस्तार-फायल आजवर धागाकर्ते स्वतःच्या लॅपटॉपवर बनवतात आणि चढवतात. त्यांच्यावर माझा पूर्ण विश्वास आहे, तरीही ती टॅगवरून (आवृत्ती म्हणून खूण केलेल्या कमिटवरून) सर्व्हरवर आपोआप बनली पाहिजे, म्हणजे टॅगमध्ये जे आहे तेच लोकांना मिळते आहे याची कोणालाही खात्री करून घेता येईल.

दुसरे, मेन ब्रँचवर फोर्स पुश, म्हणजे सर्व्हरवरचे बाजूला सारून आपलीच प्रत जबरदस्तीने चढवणे, बंद करा. दोन वर्षांपूर्वी आपल्यापैकी एकाने कुर्ला स्थानकावर फोनच्या हॉटस्पॉटवरून घाईत पुश केले. त्याने आधी फेच केले नव्हते, म्हणजे सर्व्हरवरचे नवे बदल आपल्याकडे आणले नव्हते, म्हणून गिटने पुश नाकारले आणि त्याने फोर्स लावला. दोन दिवसांचे इतरांचे काम सर्व्हरवरून नाहीसे झाले. ते एका सदस्येच्या संगणकावरील प्रतीत होते म्हणून परत मिळाले. फोर्स-विथ-लीज वापरले असते तर सर्व्हरवर आपण न पाहिलेले काही आहे हे ओळखून गिट थांबला असता. मात्र ज्यांचा एडिटर मागच्या मागे आपोआप फेच करत राहतो, त्यांना ते कवचही पुरत नाही. त्यामुळे सवयीवर विसंबू नका, सर्व्हरवरच कुलूप लावा.

धागाकर्ता, दादर

काल रात्री आम्ही सहा जण बोललो. जे ठरले ते इथे नोंदवून ठेवतो. मेनवरची चाचणी मोडली किंवा तक्रार पडताळली गेली, तर मर्जचा अधिकार असलेल्या कोणीही, मूळ लेखकाला न विचारता, तो बदल त्याच दिवशी रिव्हर्ट करायचा आणि मग त्याला कळवायचे. मर्जचा अधिकार आता तिघांकडे असेल. ठाण्याच्या ताई आणि डोंबिवलीकर हे नवे दोघे, आणि वर्षभर न आलेल्या सदस्यांचा अधिकार त्यांच्याशी बोलूनच काढला आहे. ज्याने मर्ज केले त्याने पुढचा पूर्ण दिवस तक्रारींकडे लक्ष ठेवायचे, म्हणजे शुक्रवारी रात्री मर्ज करून गावी निघून जाता येणार नाही. फोर्स पुश बंद झाला आहे. टॅगवरून फायल बनवण्याचे काम बोरिवलीच्या काकांनी अंगावर घेतले आहे.

शब्द-यादी नव्या क्रमाने लावण्याची एक मोठी कमिट या रविवारी होईल. त्यामुळे कोणता शब्द कोणी घातला ही नोंद बिघडेल अशी भीती होती, परंतु गिट २.२३ पासून अशी कमिट ब्लेममधून (कोणती ओळ कोणी लिहिली हे दाखवणाऱ्या आदेशातून) वगळण्याची सोय आहे आणि तिचा क्रमांक आम्ही त्या यादीत लिहून ठेवू. रविवारी सकाळी दहा ते दुपारी चार मर्ज बंद राहील. माटुंग्याच्या मित्रांनी आपली रिक्वेस्ट त्यानंतर पुन्हा उघडावी, या वेळी क्रमाची काळजी करू नये.

प्रतिसाद ७ : नियम-फायल पाहणारा, डोंबिवली

ऊकारान्त नामांचा नियम मी दोन भागांत लिहून तीन सुट्या कमिटांत पाठवला आहे. 'लाडू', 'विंचू' हे नव्या नियमाकडे गेले आहेत आणि बाकी सगळे जुन्याकडेच आहेत. हललेल्या रूपांचा आकडा या वेळी बावीस आला. अडले आहे ते 'पेरू' पाशी. आमच्याकडे 'पेरवाची फोड' म्हणतात, यादीत मात्र 'पेरूची' आहे.

प्रतिसाद ८ : चाचणीचे काम पाहणारी, ठाणे

दोन्ही रूपे स्वीकारू या, पण 'पेरू' ची कमिट या तिघींत मिसळू नका, चौथी करा. तिच्यावर वाद होणार आहे आणि तोपर्यंत विंचू अडकून राहायला नको.